बिनशिट्टीचा मास्तर

सराव सुरू होतो तो असा. दीडशेच्या वर धट्टीकट्टी पोरं मैदानावर येतात, रांगा धरतात आणि गवतावर उताणी पडतात. मग शेजारी पडलेल्याकडे वळून प्रत्येकाने म्हणायचं, आज हवा छान आहे, नाही? तो म्हणतो, हो ना. झाला व्यायाम. असेच आणखी दोन-चार चावट प्रकार होतात आणि पोरं उठून कामाला लागतात. कोणी शिट्टी फुंकत नाही, कोणी पळायच्या फेऱ्या मोजत नाही. नव्वद मिनिटांच्या आत सगळे जेवणाच्या हॉलकडे निघालेले असतात. पाऊस आला तर त्याआधीच. डास फार झाले तरी त्याआधीच.

ही अमेरिकन फुटबॉलची टीम होती, मिनेसोटा राज्यातल्या कॉलेजव्हिल इथल्या सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीची. तो बिनशिट्टीचा सराव घेणारे गृहस्थ म्हणजे जॉन गलार्डी. त्यांनी चौसष्ट हंगाम कॉलेज फुटबॉल शिकवलं. ६३८ सामन्यांत ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरीत. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात इतके सामने दुसऱ्या कोणत्याही कोचने जिंकलेले नाहीत. टीव्हीवर दिसणाऱ्या बड्या विद्यापीठांच्या कोचनीही नाहीत.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘गुरू’ हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा तानपुरा आणि गंडाबंधन असावं. मी मिनियापोलिसला भाच्याकडे जाणारच होतो. हे मास्तर माझ्या डोक्यात बरीच वर्षं घोळत होते. म्हटलं, हेच घेऊ.

खाणींच्या गावातला कर्णधार

कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण टोकाला, न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळ ट्रिनिडॅड नावाचं गाव आहे. कोळशाच्या खाणींचा मुलूख. इटालियन, ग्रीक, स्लाव्ह, मेक्सिकन अशी नाना देशांची माणसं इथे जमिनीखाली राबली. जवळच्याच लडलो इथे १९१४ साली संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर सैनिकांनी हल्ला केला आणि बायका-मुलांसह वीसेक माणसं मेली. या मुलखात १ नोव्हेंबर १९२६ रोजी जॉनचा जन्म झाला. वडील इटलीहून आलेले. खाणीत लोहारकाम केलं आणि पुढे मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज काढलं.

१९४३ साली जॉन सोळा वर्षांचा होता, ट्रिनिडॅडच्या कॅथलिक हायस्कूलच्या टीमचा कर्णधार. महायुद्ध चालू होतं. टीमच्या कोचला सैन्यात बोलावणं आलं आणि शाळेने ठरवलं, कोच नाही तर फुटबॉलही नाही. पोरांचा जीव खालीवर झाला. जॉनने जाऊन सांगितलं की मी घेतो सराव. शाळेला दुसरा माणूस मिळणार नव्हता, मग घे म्हणाले.

आता या पोराला कोचिंगचं काही शिक्षण नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की आधीचे कोच करायला लावत त्यातलं काय काय आपल्याला मनापासून नकोसं वाटायचं. तहानेने घसा कोरडा पडला तरी पाणी मिळायचं नाही. पाणी प्यायलं की माणूस ढिला पडतो, अशी त्या काळच्या कोचमंडळींची ठाम समजूत होती. जीव जाईस्तोवर जोर-बैठका, लोखंडी गाडा खांद्याने ढकलत नेणं, आणि आपल्याच दोस्ताला आठवडाभर जमिनीवर आपटणं. हाती सत्ता येताच सोळा वर्षांच्या कोचने हे सगळं बंद केलं. पाणी प्या म्हणाला. उरलेला वेळ त्याने एकाच गोष्टीवर घालवला: प्रत्येक चालीत कोणी कोणाला अडवायचं हे अकराही जणांना चोख कळलं पाहिजे. टीम जिंकायला लागली.

हायस्कुलांची सहा वर्षं, त्यांत चार विजेतेपदं. सोबत स्वतःचं कॉलेज चालूच. १९४९ साली कोलोरॅडो कॉलेजातून पदवी घेतली आणि त्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मोंटाना राज्यात हेलेना गावच्या कॅरॉल कॉलेजने त्यांना बोलावलं. तिथे चार हंगामांत २४ विजय, ६ पराभव, एक बरोबरी; शिवाय बास्केटबॉलची टीमही तेच बघायचे. १९५३ मध्ये सेंट जॉन्सला आले ते २०१२ पर्यंत हललेच नाहीत.

मला या कहाणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते, की हा माणूस कोच झाला तेव्हा खेळाडूच होता. बाकीचे खेळाडू आधी खेळ सोडतात, मग कोच होतात, आणि मधल्या काळात आपण काय सोसलं हे विसरतात. नाहीतर त्या सोसण्याचाच अभिमान बाळगून पुढच्या पिढीला तेच देतात. गलार्डींना तो मधला काळ मिळालाच नाही.

चार डाव, दहा यार्ड

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. दोन्हीकडे अकरा-अकरा. चेंडू ज्यांच्याकडे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. असं करत मैदानाच्या टोकाची पट्टी गाठली की सहा गुण. प्रत्येक प्रयत्न म्हणजे पाच-सहा सेकंदांची आधी ठरवलेली चाल. मग सगळे थांबतात, घोळका करतात, पुढची चाल ठरते. चेंडू घेतलेल्याला पकडून खाली पाडणं म्हणजे टॅकल. शंभर किलोची दोन माणसं धावत येऊन एकमेकांवर आदळतात तेव्हा तो आवाज वरच्या बाकांपर्यंत येतो.

बाहेरून हा रेडेझुंजीचा खेळ वाटतो. जवळून पाहिलं की कळतं, निम्मा खेळ पाठांतराचा आहे. समोरच्याने पाय कुठे ठेवलाय यावरून चाल ओळखायची, आपली जागा सोडायची नाही, नेमक्या क्षणी नेमक्या माणसाच्या आड यायचं. अकरांतला एक चुकला तर दहा जणांची मेहनत पाण्यात.

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल दोन जगांत चालतो. वरच्या जगात लाखभर प्रेक्षकांची स्टेडियमं, टीव्हीचे करार आणि वर्षाला कोटभर डॉलर घेणारे कोच आहेत. खालच्या जगाचं नाव डिव्हिजन थ्री. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदी आहे. पोरगा फी भरून शिकतो आणि वर हाडं मोडून घेतो. त्यामुळे इथल्या कोचची नोकरी वेगळीच असते. हिवाळ्यात तो गावोगावच्या हायस्कुलांत फिरतो, पोरांच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो आणि आईबापांना कर्ज, गरजूंसाठीची मदत, अभ्यासावरच्या सवलती समजावतो. खेळाबद्दल बोलायची पाळी शेवटी येते. बऱ्याच छोट्या कॉलेजांना फुटबॉलची टीम हवी असते ती यासाठीच: टीममागे शंभर-सव्वाशे पोरं फी भरून प्रवेश घेतात. कोच हा कॉलेजचा प्रवेश-अधिकारीही असतो, फक्त पगारपत्रकावर तसं लिहिलेलं नसतं. शिवाय एखादा वर्ग शिकवायचा, एखादा दुसरा खेळ सांभाळायचा. गलार्डींनी सेंट जॉन्सला आइस हॉकीची टीमही सांभाळली. कोळशाच्या खाणींच्या गावातून आलेला माणूस आणि बर्फावरचा खेळ!

मठाच्या आवारात

मिनियापोलिसहून आय-९४ महामार्गाने वायव्येला सव्वाशे-दीडशे किलोमीटर गेलं की कॉलेजव्हिल येतं. गाव असं काही नाहीच. पाइन-मेपलची दाट झाडी, सॅगाटॅगन नावाचं तळं, आणि झाडांच्या वर उठलेला काँक्रीटचा एक प्रचंड फलक, ज्यात घंटा टांगलेल्या आहेत. मार्सेल ब्रॉयर या वास्तुशिल्पीने बांधलेलं हे मठाचं चर्च १९६१ साली पुरं झालं. आत शिरल्यावर उत्तरेची अख्खी भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी रंगीत काचांची. बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंनी १८५७ साली ही शाळा काढली. आजही मठ नांदता आहे. साधू प्रार्थना करतात, शिकवतात, लाकूडकाम करतात. ‘जॉनी ब्रेड’ नावाचा इथला पाव मिनेसोटाभर माहीत आहे. इथल्या हस्तलिखित संग्रहालयाने तर आपल्या केरळातल्या जुन्या सीरियाक पोथ्यांचीही छायाचित्रं जपून ठेवली आहेत.

हा परिसर पाहिल्याशिवाय गलार्डी समजत नाहीत, असं माझं मत झालं. संतापी देणगीदार, वर्तमानपत्रांचे रकाने, टीव्हीवाल्यांचं वेळापत्रक, असलं काही त्यांच्या मानेवर बसलेलं नव्हतं. वरिष्ठ होते ते साधू, आणि पंधराशे वर्षं जुन्या नियमावलीने जगणाऱ्या माणसांना एका हंगामाच्या हारजितीची घाई नसते. अर्थात घाई नसली तरी जिंकणं त्यांनाही आवडत असणार! गलार्डींच्या आधी इथे जॉनी ‘ब्लड’ मॅकनॅली हे कोच होते, व्यावसायिक फुटबॉलचे गाजलेले खेळाडू. त्यांच्यानंतर सव्वीस वर्षांचा हा पोरगा आला आणि पहिल्याच हंगामात त्याने कॉन्फरन्सचं, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या गटाचं, विभागून का होईना, विजेतेपद आणलं. पुढे अशी एकूण सत्तावीस आली. राष्ट्रीय विजेतेपदं चार: १९६३, १९६५, १९७६ आणि २००३.

‘नाही’ची यादी

गलार्डींची पद्धत लोक ‘नाही’च्या यादीने ओळखतात. शिट्टी नाही. सरावात टॅकल नाही. गाडा ढकलणं नाही. चालींची जाडजूड वही नाही. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. नव्या पोरांची रॅगिंग नाही. निवडलेला कर्णधार नाही. शेवटच्या वर्षाची पोरं आळीपाळीने कर्णधार होतात. कोणालाही टीममधून काढणं नाही, म्हणून घरच्या सामन्याला दीडशे जण एकसारखे कपडे घालून कडेला उभे. आणि मला कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणा. ही यादी वाढत वाढत शंभराच्या वर गेली. होकारार्थी नियम म्हणाल तर एकच: आपल्याशी इतरांनी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण त्यांच्याशी वागा.

कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल. तिथे वस्तादाच्या पुढ्यात मान वर होत नाही आणि घाम किती सांडला यावर माती खुश होते. मीही आधी हे विक्षिप्तपणाच्या सदरात टाकलं होतं. पण नव्वद मिनिटांत होतं काय, हे नीट पाहिलं की विक्षिप्तपणा उरत नाही, हिशेब दिसतो.

पोरांच्या डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, खाली साधी चड्डी. अकरांसमोर अकरा उभे राहतात. शनिवारचा प्रतिस्पर्धी ज्या रचना वापरतो त्या समोरचे अकरा उभ्या करतात. चाल सुटते, प्रत्येक जण आपल्या माणसापर्यंत पोचतो, हात लागतो, आणि तिथेच थांबतो. पाडापाडी नाही. म्हणून कोणी उठायला वेळ घेत नाही, लंगडत बाजूला जात नाही. पुढची चाल लगेच. जो वेळ इतर टीम धापा टाकण्यात, लंगड्याला आधार देण्यात आणि शिक्षेच्या फेऱ्यांत घालवतात, तो इथे चालींच्या उजळणीत जातो. चूक झाली की तीच चाल पुन्हा, बिनचूक होईपर्यंत. क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल सोडणाऱ्या म्होरक्याला, समोरची रचना पाहून ऐनवेळी चाल बदलायची मुभा असते. कारण सामन्यात कडेला उभा असलेला म्हातारा धावून येणार नसतो.

टॅकल करायला मग शिकतात कधी? हायस्कुलातून येताना त्यांना ते येतंच, असं गलार्डींचं म्हणणं. शनिवारी आदळायचंच आहे, तर मंगळवारी आपल्याच माणसावर आदळून त्याचा गुडघा का घालवायचा? याचा दुसरा अर्थ असा की शनिवारी मैदानात उतरणारी टीम ताजी असते. समोरचे आठवडाभर एकमेकांना झोडपून आलेले असतात.

पोरं घरी गेली की गलार्डींचा खरा दिवस सुरू व्हायचा. सामन्यांच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहायच्या, एका चालीत अकरांतला कोण कुठे चुकला ते शोधायचं. आपल्या खेळाडूंना त्यांनी जी ढोरमेहनत माफ केली, ती स्वतःला केली नाही. कॉलेजात ते फुटबॉलच्या सिद्धांताचा वर्गही घेत, आणि शेजारच्या सेंट बेनेडिक्ट या मुलींच्या कॉलेजातल्या पोरीही त्याला येऊन बसत. १९९३ च्या टीमने सामन्यामागे सरासरी साठाहून जास्त गुण केले. १९९९ मध्ये ‘स्पोर्ट्‍स इलस्ट्रेटेड’ या क्रीडासाप्ताहिकाचे पत्रकार ऑस्टिन मर्फी बड्या खेळांच्या झगमगाटाला कंटाळून बायकामुलांसह इथे येऊन राहिले, अख्खा हंगाम पाहिला आणि त्यावर पुस्तक लिहिलं.

शनिवार दुपार

क्लेमन्स स्टेडियम म्हणजे झाडीतली एक नैसर्गिक वाटी आहे. एका बाजूला बाक, बाकी उतारावर गवत, त्यामागे ऑक्टोबरात लाल-केशरी झालेले मेपल. सामन्याआधी दोन तास मोटारींच्या डिक्या उघडतात, शेगड्या पेटतात आणि सॉसेजचा धूर मैदानावर उतरतो. माझा भाचा शाकाहारी. त्याने जॉनी ब्रेडवर चीज ठेवून भागवलं आणि मिनेसोटात वीस वर्षं काढूनही इथे पहिल्यांदाच येतोय अशी कबुली दिली.

माझ्या शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ लाल टोपी घालून बसले होते. सत्तरच्या दशकात ते या टीमच्या कडेच्या रांगेत होते. चार वर्षांत किती मिनिटं खेळलात, असं विचारल्यावर त्यांनी बोटं मोजायचा अभिनय केला आणि एका हाताच्या बोटांवर थांबले. तरी दर हंगामाला येतात. मी विचारलं, बसून राहायचा राग नाही आला? आला की, म्हणाले, पण सरावात मला कोणी पहिल्या अकरांचा लाकडी पुतळा म्हणून वापरलं नाही.

इतर कॉलेजांत खालच्या फळीतली पोरं म्हणजे वरच्यांनी आदळायचं सामान. इथे टॅकलच नसल्यामुळे ते काम उरत नाही. दीडशे जणांची टीम चार वर्षं टिकते याचं हे एक कारण असावं. दुसरं, कॉलेजच्या दृष्टीने तितकंच महत्त्वाचं: दीडशे फिया.

४०८ आणि ४०९

विजयांचा विक्रम गलार्डींच्या आधी एडी रॉबिन्सन यांच्या नावावर होता, आणि त्यांची कहाणी वाचल्याशिवाय गलार्डींच्या विक्रमाकडे नुसत्या कौतुकाने पाहता येत नाही. लुइझियानातल्या ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या छोट्या कॉलेजात रॉबिन्सन १९४१ साली रुजू झाले. त्याआधी बॅटन रूझच्या पशुखाद्याच्या गिरणीत ते ताशी पंचवीस सेंटवर काम करत होते. १९९७ पर्यंत एकाच कॉलेजात राहून त्यांनी ४०८ सामने जिंकले आणि दोनशेहून जास्त खेळाडू व्यावसायिक फुटबॉलला दिले. दक्षिणेतली गोरी विद्यापीठं बराच काळ त्यांच्या पोरांना प्रवेश देत नव्हती, त्यांच्याशी खेळतही नव्हती. गलार्डींना छोट्या कॉलेजाने मोकळीक दिली. रॉबिन्सनना छोट्या कॉलेजाबाहेर दारच नव्हतं. दोघांच्या आकड्यांत एकाचा फरक होता त्या दिवशी वर्तमानपत्रांनी दोन्ही नावं शेजारी छापली, पण त्या दोन आकड्यांमागचे देश वेगळे होते.

तो दिवस ८ नोव्हेंबर २००३. कॉलेजव्हिलला बेथेल कॉलेजविरुद्ध सामना, झाडीतल्या वाटीत मावणार नाहीत इतकी माणसं. सेंट जॉन्सने २९–२६ असा जिंकला आणि ४०९ वा विजय लागला. दीड महिन्याने, २० डिसेंबरला, व्हर्जिनियातल्या सेलम इथे राष्ट्रीय अंतिम सामना माउंट युनियनशी. ही ओहायोची टीम ओळीने ५५ सामने जिंकून आलेली. त्यांचे कोच लॅरी केरेस हे डिव्हिजन थ्रीमधले दुसरे दिग्गज. सेंट जॉन्सने २४–६ असं हरवलं. गलार्डी तेव्हा सत्याहत्तर वर्षांचे होते. डिव्हिजन थ्रीच्या सर्वोत्तम खेळाडूला १९९३ पासून ‘गलार्डी ट्रॉफी’ दिली जाते. त्या वर्षी ती त्यांच्याच टीमच्या ब्लेक एलियटला मिळाली.

मग बाकीच्यांनी का नाही उचललं?

इतकं यश मिळालेली पद्धत, तीही फुकट, मग देशभर का पसरली नाही? कोच लोक कॉलेजव्हिलला येत, पाहत, मान डोलवत आणि परत जाऊन शिट्टी फुंकत. माझं उत्तर जरा कडवट आहे. कोचची नोकरी लोकांना दिसणाऱ्या कष्टांवर टिकते. घाम, ओरडा, पहाटेच्या फेऱ्या हे सगळं प्राचार्याला आणि पालकांना खिडकीतून दिसतं. या पद्धतीने जो हरेल त्याला लोक म्हणणार, पोरांना गवतावर झोपवून ठेवत होता. शिट्टीवाला हरला तर निदान त्याने कसर सोडली नाही असं म्हणतात. सोळाव्या वर्षी नोकरीच नसलेल्या पोराला ती भीती नव्हती, आणि पुढे विजयांनी त्याला सांभाळलं.

सरावात टॅकल न करण्याची रीत अखेर पसरली ती मेंदूच्या धसक्याने. डोक्याला बसणाऱ्या वारंवार धक्क्यांचे परिणाम समोर आले, माजी खेळाडूंचे खटले उभे राहिले. २०१० मध्ये डार्टमथचे कोच बडी टीव्हन्स यांनी सरावातला टॅकल बंद केला. पुढे त्यांच्या विद्यापीठातल्या इंजिनियर पोरांनी पळणारा यांत्रिक पुतळाच बनवला, आपटायचं तर त्याला आपटा. व्यावसायिक लीगने २०११ च्या करारात हंगामातले पूर्ण पॅड घालून होणारे सराव चौदावर आणले. २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या आठही विद्यापीठांनी हंगामातल्या सरावात टॅकल थांबवला. यामागचं कारण गलार्डींचं नव्हतं. त्यांना जिंकायचं होतं आणि पोरांना त्रास नको होता. मेंदूविज्ञान त्यांच्या गावीही नव्हतं.

शेवटची वर्षं मात्र जड गेली. सेंट पॉल शहरातलं सेंट थॉमस हे जुनं वैरी कॉलेज नवा कोच, जास्त पैसा आणि मोठी संख्या घेऊन पुढे निघून गेलं. २०१२ चा हंगाम पाच विजय, पाच पराभव. तेव्हा शहाऐंशी वर्षांचा माणूस फार रेंगाळला, असं टीमचे चाहतेही म्हणू लागले होते, आणि ते अगदीच चूक नव्हते. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी ते निवृत्त झाले. त्यांचे साहाय्यक गॅरी फॅशिंग कोच झाले. म्हाताऱ्यासोबत त्याची पद्धतही जुनी झाली, अशी चर्चा होती. फॅशिंगनी काही गोष्टी बदलल्या, सरावात टॅकल नाही हा नियम ठेवला.

७ ऑक्टोबर २०१८ ला, रविवारी, गलार्डी गेले. वय एक्क्याण्णव. पुढच्याच शनिवारी कॉलेजव्हिलला सेंट थॉमसशी सामना होता आणि सेंट जॉन्सने तो ४०–२० असा जिंकला. त्या वर्षीची गलार्डी ट्रॉफी सेंट जॉन्सच्या क्वार्टरबॅकला, जॅक्सन अर्डमनला मिळाली. सेंट थॉमस तोवर इतकं बलाढ्य झालं होतं, की एका सामन्यात सेंट ओलाफला ९७–० हरवल्यानंतर दोन वर्षांत कॉन्फरन्सच्या बाकीच्या कॉलेजांनी त्यांना बाहेर काढलं. २०२१ पासून ते वरच्या डिव्हिजनमध्ये खेळतात, शिष्यवृत्त्यांच्या आणि टीव्हीच्या जगाच्या उंबऱ्यात. सेंट जॉन्स आहे तिथेच आहे.